फास्लेनचा तळ भाड्याने दिला तर? (घर घेण्याआधीचा एक प्रश्न)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न राजकारणाचा वाटेल, पण मुळात तो घराचा आहे, म्हणून आधी घराचंच सांगते.

मी मिरजेची, फार्मासिस्ट. स्कॉटलंडमध्ये एकोणीस वर्षं झाली, त्यातली शेवटची आठ हेलन्सबरा गावात. ग्लासगोहून आगगाडीने पाऊण तास. गावाला लागून गेअरलॉख नावाची खाडी आत शिरते आणि तिच्या काठावर फास्लेन, ब्रिटिश नौदलाचा पाणबुड्यांचा तळ. व्हॅनगार्ड वर्गातल्या चार पाणबुड्या ट्रायडंट क्षेपणास्त्रं घेऊन इथून निघतात. १९६९ पासून अण्वस्त्रं घेतलेली एक तरी ब्रिटिश पाणबुडी कायम समुद्रात असते, एका दिवसाचाही खंड नाही. मधला डोंगर ओलांडला की लॉख लाँग या दुसऱ्या खाडीच्या काठी कूलपोर्ट. वॉरहेडं, म्हणजे क्षेपणास्त्रांच्या टोकाचे अणुबॉम्ब, तिथे डोंगरात कोरलेल्या कोठारांत ठेवतात आणि तिथल्याच धक्क्यावर पाणबुडीत चढवतात.

आम्ही शेजारच्या रू गावात एक घर बघून आलो. खाडीचं तोंड तिथे इतकं अरुंद आहे की समोरच्या किनाऱ्यावर कुत्रं फिरवणारा माणूस दिसतो. आम्ही वरच्या खोलीत असतानाच एक पाणबुडी बाहेर पडली. मागेपुढे टग, बाजूने बंदूकधारी पोलिसांच्या होड्या, मधे ते काळं लांबुडकं धूड, आवाज म्हणून नाही. आमचे हे नाशिकचे. म्हणाले, "व्ह्यू आहे म्हणून वीस हजार जास्त मागतायत, तो व्ह्यू हाच का?"

आता प्रश्न. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात मी भारतीय पासपोर्टवर मत दिलं. राष्ट्रकुलातल्या, इथे राहायचा परवाना असलेल्या नागरिकांना तो हक्क होता. बोटाला शाई नाही, हातात पेन्सिल. स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? मी 'नाही'वर फुली मारली. ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी 'नाही' जिंकलं. तेव्हा मी डंबार्टनच्या दुकानात होते. तो भाग वेस्ट डंबार्टनशरचा, तिथे 'हो' जिंकलं. आमचं हेलन्सबरा अर्गाइल अँड ब्यूटमध्ये, तिथे ५८.५ टक्के 'नाही'. आठ मैलांत दुनिया बदलते.

स्वातंत्र्य मागणाऱ्या सरकारची श्वेतपत्रिका सांगत होती की मार्च २०१६ ला वेगळे होऊ आणि पहिल्या संसदेची मुदत संपायच्या आत ट्रायडंट घालवू. लंडनचे लोक म्हणत होते, घालवू कुठे? आता पुन्हा कुणी ना कुणी विषय काढतं आणि समजूतदार माणसं एक तोडगा सुचवतात. अचानक हाकलू नका, दहा-वीस वर्षांसाठी फास्लेन इंग्लंडला भाड्याने द्या. भाडं मिळेल, नोकऱ्या राहतील, नेटोही खूश.

ऐकायला गोड वाटतं. पण माझं बालपण मुंबईला आत्याकडे, पागडीच्या खोलीत सुट्ट्या घालवण्यात गेलंय. भाडेकरू म्हणजे काय चीज असते ते मला माहीत आहे. म्हणून विचारते: अण्वस्त्रं असलेल्या देशातून एखादा प्रांत फुटला तर तळ भाड्याने ठेवण्यात धोका कमी की जास्त? आणि रूमध्ये घर घ्यावं का?

पेठेतला

इथे बेळगाव-निपाणीचा निकाल १९५६ पासून लागत नाही आणि तुम्ही स्कॉटलंडला निघालात. घर घ्या. बॉम्ब पडला तर हप्ते माफ.

चौकसबुद्धी

पेठेतल्यांना दंडवत. आता थोडं कामाचं.

ताई, लोकांना पहिली भीती वाटते ती "फुटलेल्या प्रांताच्या हातात बॉम्ब जाईल" ही. तुमच्या बाबतीत ती जवळपास पोकळ आहे. वॉरहेडं बनतात आणि दुरुस्तीला जातात इंग्लंडच्या बर्कशरमध्ये, ऑल्डरमॅस्टन आणि बर्गफील्डला. क्षेपणास्त्रं अमेरिकेशी सामाईक साठ्यातली, तिकडच्या जॉर्जिया राज्यातल्या किंग्ज बे तळावरून येतात. पाणबुड्याही इंग्लंडमध्येच, बॅरोत बांधतात, मोठी डागडुजी प्लिमथला. स्कॉटलंडकडे उरतं काय, तर कोठार आणि धक्का. वॉरहेड हे काही तांब्याचं घंगाळ नव्हे, माळ्यावर टाकलं आणि दिवाळीला काढलं. त्यातल्या ट्रिटियमचं, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचं, अर्धायुष्य बारा वर्षांच्या आसपास, ते बदलत राहावं लागतं. ज्याच्याकडे बर्गफील्ड नाही त्याच्याकडे बॉम्ब नाही.

युक्रेनचंही तेच झालं. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा त्यांच्या जमिनीवर १७६ आंतरखंडीय क्षेपणास्त्रं आणि सुमारे १,९०० मोठी वॉरहेडं होती, जगातला तिसरा साठा. पण डागायचे संकेत मॉस्कोत. म्हणून तर त्यांनी सौदा केला. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टला रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्यांच्या सीमांचा आदर करण्याचं लिहून दिलं आणि १ जून १९९६ पर्यंत शेवटचं वॉरहेड रशियाला गेलं. (सही करणाऱ्यांत ब्रिटन होतं, हे तुमच्या गल्लीत कुणी आठवतं का?)

खरा पेच उलट्या बाजूला आहे, इंग्लंडच्या. २०१४ मध्ये लंडनच्या एका संरक्षण अभ्याससंस्थेने हिशेब मांडला होता की तळ प्लिमथ आणि फालमथकडे हलवता येईल, अडीच ते साडेतीन अब्ज पौंडांत, जमिनीचे पैसे वेगळे, आणि काम संपायला २०२८ उजाडेल. अडचण पैशांची कमी, जागेची जास्त. पाणबुडीत वॉरहेड चढवायच्या धक्क्याभोवती मैलोन्मैल वस्ती नको. प्लिमथ भरवस्तीचं शहर. कूलपोर्ट निवडलं तेच मुळी आजूबाजूला मेंढ्यांशिवाय कुणी नाही म्हणून.

म्हणजे 'पाच वर्षांत निघा' आणि 'आम्हाला पंधरा लागतील' यांतली जी दहा वर्षं, तो तुमचा धोका. भाडेपट्टा हा त्या दहा वर्षांवरचा पूल आहे. माझं मत भाड्याच्या बाजूने. कझाकस्तानने वॉरहेडं एप्रिल १९९५ पर्यंत परत केली, पण बैकोनूरचा अवकाशतळ रशियाला भाड्याने दिला. वर्षाला ११.५ कोटी डॉलर, मुदत २०५० पर्यंत. रॉकेटं पडतात, विषारी इंधन सांडतं, भांडणं होतात, दंड होतो, पण कुणी कुणाचा प्रदेश गिळला नाही.

अवांतर: १९४७ ला आपल्याकडे दारूगोळ्याचे सोळा कारखाने होते, खडकीचा त्यातला जुना. सगळेच्या सगळे भारताच्या हद्दीत पडले. यंत्रं उचलून वाटायची की नाही यावर बरीच घासाघीस झाली आणि शेवटी पाकिस्तानला सहा कोटी रुपये देऊन विषय मिटवला. कारखान्याचे तुकडे होत नाहीत, हिशेबाचे होतात.

गुहागरचा दर्यावर्दी

कृष्णाकाठच्या ताई, मी तीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनात काढली, आता गुहागरला नारळ मोजतो. युरिया भरायला युक्रेनच्या युझनी बंदरात इतक्या वेळा गेलो की धक्क्यावरची कुत्री ओळखायची. बैकोनूर हे वाळवंट आहे हो. भाड्याच्या बंदराचा दाखला हवा असेल तर युक्रेनच्या क्राइमिया द्वीपकल्पातलं सेवास्तोपोल बघा.

काळ्या समुद्रातला सोव्हिएत नौदलाचा ताफा रशियाचा की युक्रेनचा, यावर पाच-सहा वर्षं भांडण चाललं. १९९७ च्या मे महिन्यात वाटणी झाली. पुढे विकत घेऊन रशियाकडे ताफ्याचा ८० टक्क्यांहून जास्त हिस्सा गेला आणि सेवास्तोपोलचा तळ २० वर्षांसाठी, २०१७ पर्यंत, भाड्याने. भाडं वर्षाला दहा कोटी डॉलरच्या आत, तेही रोख नाही, गॅसच्या थकबाकीतून वजा. इथेच गोम आहे. घरमालकच भाडेकरूचा कर्जदार.

मग रोजची कटकट. किनाऱ्यावरचे दीपस्तंभ कुणाचे? २००६ च्या जानेवारीत याल्ताच्या दीपस्तंभावरून दोन देश एकमेकांवर गुरकावले. आम्हा दर्यावर्दींना दिवा कुणाचा याच्याशी काय घेणं, तो लागला म्हणजे झालं. पण बघा, तळ म्हणजे नुसता धक्का नसतो. दिवे, पाणी, रेल्वेची साईडिंग, अधिकाऱ्यांच्या कॉलन्या, शाळा, दवाखाना. करारात धक्का लिहितात आणि वापरात अर्धं गाव येतं.

२००८ ला रशियाची जॉर्जिया देशाशी लढाई लागली तेव्हा सेवास्तोपोलहून रशियन जहाजं निघाली. युक्रेनचा राष्ट्राध्यक्ष म्हणाला, आम्हाला विचारल्याशिवाय परत आणायची नाहीत. ती परत आली, विचारलं कुणी नाही. २०१० मध्ये मुदत २०४२ पर्यंत वाढवली, बदल्यात गॅस स्वस्त. त्या दिवशी कीवच्या संसदेत अंडी आणि धुराचे बाँब उडाले, सभापती छत्र्यांच्या आडोशाला. टीव्हीवर बघून आमचे युक्रेनी खलाशी हसत होते. सेवास्तोपोलचा एक थर्ड इंजिनिअर मात्र हसला नाही. पासपोर्ट युक्रेनचा, बाप ताफ्यातून निवृत्त, त्याची पेन्शन मॉस्कोहून, आई तळाच्या कँटीनमध्ये. मी विचारलं, "तुझं मत?" म्हणाला, "आमच्या घरात तळाच्या विरुद्ध बोलायचं म्हणजे जेवणाच्या विरुद्ध बोलायचं."

तुमच्या गावात तसं आहे का, ते आधी सांगा. व्ह्यूचं नंतर बघू. खाडी मात्र चांगली दिसते हो, आमच्या दाभोळसारखी.

सिम्फेरोपोलचा डॉक्टर

मी सहसा नुसतं वाचतो. पण काकांनी सेवास्तोपोल काढलं म्हणून लिहितोय.

मी लातूरचा. क्राइमियात सिम्फेरोपोलच्या वैद्यकीय विद्यापीठात एमबीबीएसला होतो. आमच्या हॉस्टेलला मराठी पोरं एवढी की गणपती बसायचा. २७ फेब्रुवारी २०१४ ला पहाटे बंदूकधाऱ्यांनी क्राइमियाची संसद ताब्यात घेतली. आम्ही सकाळी उठून नेहमीप्रमाणे ट्रॉलीबससाठी उभे, आणि बाजूला हिरव्या गणवेशातली माणसं. खांद्यावर ना देशाचा बिल्ला ना हुद्दा, तोंडावर पट्टी. कुणाला त्रास देत नव्हती. एका आजीबाईने त्यांना सफरचंदं दिली. आमच्यातला एक जण फोटो काढायला गेला, त्याला त्यांनी हाताने 'नको' अशी खूण केली, एवढंच.

नंतर सगळ्यांना कळलं तसं मलाही कळलं. त्यांतले कितीतरी बाहेरून 'आक्रमण' करून आलेच नव्हते. करारानुसार रशियाला क्राइमियात २५ हजारांपर्यंत सैन्य ठेवायची मुभा होती. सेवास्तोपोल आमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटर. घुसायला सीमा ओलांडावी लागली नाही, तळाचं फाटक उघडावं लागलं. १६ मार्चला सार्वमत, १८ मार्चला रशियात विलीनीकरण. २९ तारखेच्या रात्री घड्याळं एकदम दोन तास पुढे, मॉस्कोच्या वेळेला. सकाळी आठच्या लेक्चरसाठी उठायचो तेव्हा बाहेर काळोख. युक्रेनचा रिव्निया जाऊन रशियाचा रूबल आला. एटीएम बंद, घरून पैसे येईनात. आईला फोनवर रोज एकच सांगायचो, "इथे काही नाही, शांत आहे." शांतच होतं, तीच तर गंमत. डिग्री कुठल्या देशाची मिळणार यावर आमचा जीव टांगणीला. काही युक्रेनला गेले, काही राहिले. मी विनित्साला गेलो. (तिकडून पुढे काय झालं ते वेगळंच.)

चौकसबुद्धींचं म्हणणं मला पटतं की फुटून निघणाऱ्याला बॉम्ब मिळत नाही. मला भीती बॉम्बची वाटतच नाही. अण्वस्त्रधारी देश जेव्हा भाडेकरू असतो तेव्हा त्याला घराबाहेर काढायला कुणी येत नाही, हे मी बघितलंय. युक्रेनच्या सैन्याने क्राइमियात गोळी जवळपास झाडलीच नाही. समोर कोण आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

आणि काकांचा प्रश्न बरोबर आहे. १९९१ च्या सार्वमतात याच सेवास्तोपोलने ५७ टक्के मतांनी युक्रेनच्या स्वातंत्र्याला 'हो' म्हटलं होतं. तेवीस वर्षांत ते गाव कुणाचं झालं? भाडेकरूचं.

चौकसबुद्धी

डॉक्टर, प्रतिसाद मनापासून वाचला. तरी एक अडतं. लंडन म्हणजे मॉस्को नव्हे. उलटा दाखला त्यांच्याच घरातला आहे. १९२१ च्या करारात आयर्लंड फुटलं तेव्हा तीन बंदरं ब्रिटनने आपल्याकडे ठेवली, कोव्ह, बेरहेवन आणि लॉख स्विली. १९३८ मध्ये ती मुकाट्याने परत केली. चर्चिलने संसदेत आकांत केला, पुढच्याच वर्षी महायुद्ध लागलं, अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवली, ती बंदरं असती तर किती उपयोग झाला असता. तरी ब्रिटनने पुन्हा घुसून ती घेतली नाहीत.

सिम्फेरोपोलचा डॉक्टर

मान्य. पण सायप्रसला १९६० मध्ये स्वातंत्र्य देताना अक्रोतिरी आणि ढेकेलिया हे दोन तुकडे ब्रिटनने स्वतःच्या मालकीचे म्हणून ठेवलेच. अजून आहेत. २०१३ मध्ये फास्लेनचंही तसंच करायचा विचार चालल्याची बातमी फुटली होती आणि पंतप्रधान कार्यालयाने दुसऱ्या दिवशी हात झटकले. हात झटकावे लागले म्हणजे हात कुठेतरी होता.

पेठेतला

डॉक्टर, सफरचंदवाल्या आजीबाई लक्षात राहतील. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो, हप्त्यांचा भाग सोडून.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहायला जमलं नाही, दुकानात फ्लूच्या लसींची गर्दी.

काकांनी विचारलं तेवढं केलं. परवा अकरा ते एक या वेळात काउंटरवर मोजलं. एकोणतीस गिऱ्हाइकं. गळ्यात तळाचा पास, नाहीतर तिथल्या ठेकेदाराचं जॅकेट, किंवा मला माहीतच आहे की नवरा-मुलगा-सून तिथे, अशी तेरा. तळावर काम करणारे साडेसहा हजारांच्या वर आणि आमच्या गावाची वस्ती चौदा-पंधरा हजारांची, म्हणजे तेरा काही फार नव्हेत. गावात नौदलाच्या घरांची वेगळी कॉलनी आहे, तिथल्या मुलांमुळे शाळेत एक तुकडी जास्त चालते. मी आठ वर्षं हे रोज बघते आणि कधी मोजलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूची माणसंही गिऱ्हाइकं आहेत. तळाच्या फाटकाजवळ १९८२ पासून अण्वस्त्रविरोधकांची छावणी आहे, रंगवलेल्या जुन्या कॅरॅव्हॅन. तिथली एक बाई खोकल्याचं औषध न्यायला येते. तिने मला वॉरहेडांचा ताफा ओळखायला शिकवला. गडद हिरवे लांब ट्रक, मागेपुढे पोलीस, रुग्णवाहिका आणि बंबसुद्धा सोबत. बर्कशरहून निघून आमच्या लॉख लोमंडच्या रस्त्याने कूलपोर्टला. मी एकदा त्याच्या मागे अडकले होते, पाठीमागच्या सीटवर पालक आणि कोथिंबीर.

माझ्या धंद्यातलं एक सांगते, कारण ग्लासगोचे मराठी लोक मला हेच विचारतात. तळाजवळच्या घरांना पोटॅशियम आयोडेटच्या गोळ्या आधीच देऊन ठेवतात. पाणबुडीतल्या अणुभट्टीतून किरणोत्सारी आयोडीन सुटलं तर त्या थायरॉइड वाचवतात. ताफ्यातल्या वॉरहेडला आग लागून प्लुटोनियम उडालं तर त्या गोळीचा काडीचा उपयोग नाही. लोक दोन्ही एकच समजतात. आणि कूलपोर्टच्या जुन्या पाइपांतून ट्रिटियमचं पाणी लॉखमध्ये गेल्याचं २०२५ मध्ये बाहेर आलं. मात्रा अगदी थोडी होती, पण तो कागद मिळवायला पत्रकारांना कित्येक वर्षं भांडावं लागलं. आज भांडायला स्कॉटलंडची पर्यावरण यंत्रणा तरी आहे. तळ परक्या देशाचा झाला तर पाइप कुणी तपासायचे? भाडेपट्ट्यात हे कलम कुणी लिहिलेलं मी अजून वाचलं नाही.

डॉक्टर, तुमचं वाचून झोप लागली नाही. हिरव्या माणसांमुळे नाही. तेवीस वर्षांत गाव भाडेकरूचं झालं म्हणालात ना, मला वाटलं आमचं तर आधीच झालंय आणि त्यात मी आहे. २०१४ ला 'नाही'वर फुली मारली तेव्हा मी स्वतःला सांगितलं की पौंडाचा घोळ नको म्हणून. पौंडाचं खरं होतं, पण आमच्या ह्यांनी त्याच महिन्यात तळाच्या एका ठेकेदाराकडे अर्ज केला होता. उद्या फास्लेन सायप्रससारखं ठेवायचं की कसं, असं आमच्या गावाला विचारलं, तर कुणाला सैन्य पाठवायची गरज नाही. आम्हीच सफरचंदं घेऊन जाऊ.

घराचं: रूला परत जाऊन आलो. मालक म्हातारे, तळावरूनच निवृत्त. व्ह्यूचे वीस हजार कमी करायला तयार नाहीत. मी म्हटलं, पाणबुड्या गेल्या तर? म्हणाले, "मग पन्नास मागीन." आम्ही बारा कमी करून ऑफर दिली आहे. शुक्रवारी कळेल.

काका, दाभोळच्या खाडीला भरतीचं पाणी किती चढतं? इथे साधारण तीन मीटर. बागेची भिंत अगदी काठाला आहे, म्हणून विचारते.

गुहागरचा दर्यावर्दी

उधाणाला इथेही तेवढंच, तीनच्या आसपास. आकड्यावर जाऊ नका, भिंतीवर शेवाळाची रेघ कुठवर आहे ती बघा. आणि भिंत दगडी आहे की काँक्रीट?